दाखल्यावरचे वय आणि गुडघ्याचे वय

यात्रेच्या मैदानावर दिवे लागलेले असतात. चुन्याच्या रेषा नुकत्याच आखलेल्या असतात आणि लाउडस्पीकरवरून पुढच्या सामन्यातल्या संघांची नावे पुकारली जात असतात. गावच्या मंडळाचा एक चढाईपटू अजून आलेला नसतो. हळद काढणीचे दिवस, तो शेतात अडकलेला असतो. मग कुणीतरी म्हणते, ‘‘त्या अकरावीच्या पोरालाच उतरवा ना. शाळेच्या संघात काय चढाया करतो!’’ पोरगा आनंदाने जर्सी चढवतो. समोर कोपऱ्यात उभा असलेला गडी अठ्ठावीस वर्षांचा आणि ऐंशी किलोचा असतो.

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव. जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्यातल्या कबड्डीप्रेमीला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. बहुतेक वेळा पोरगा दोन-चार गुण घेऊन, टाळ्या मिळवून घरी जातो. पण एखाद्या वेळी पाय जमिनीत रुतलेला असताना घोटा पकडला जातो, वरून आणखी दोघे अंगावर येतात आणि गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. तो आवाज अनेकदा गुडघ्यातल्या मधल्या लिगामेंटचा, म्हणजे एसीएलचा असतो. हे लिगामेंट पूर्ण तुटले तर ते सहसा आपोआप जुळत नाही. शस्त्रक्रिया केली तरी मैदानावर परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागते, आणि कमी वयाच्या खेळाडूंमध्ये ते पुन्हा तुटण्याचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न एका सामन्यापुरता राहत नाही. राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १२ याच शहरात आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे रस्त्याने धावताना दिसतात. शिपाईपदासाठी मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर आणि राखीव बलासाठी पाच किलोमीटर धावावे लागते. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, म्हणून कित्येक घरांत कबड्डीकडे छंद म्हणून नाही, तर वाट म्हणून पाहिले जाते. सतराव्या वर्षी गुडघा गेला, तर ही वाट नोकरीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच बंद होऊ शकते.

एकाच वर्गात चार वर्षांचे अंतर

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. कबड्डी संघटनेच्या स्पर्धांत किशोर गट १६ वर्षांपर्यंत आणि कुमार गट २० वर्षांपर्यंत असतो; या दोन्ही गटांत वजनाचीही मर्यादा असते. त्यानंतर येतो पुरुषांचा गट. तिथे ८५ किलोपर्यंतचा खेळाडू चालतो आणि वयाला वरची मर्यादा नसते. गावच्या खुल्या स्पर्धांत तर खालची मर्यादाही कुणी विचारत नाही.

शरीर मात्र जन्मदाखला पाहून वाढत नाही. मुलींची उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचा काळ सरासरी साडेअकरा ते बाराव्या वर्षी येतो, मुलांचा साडेतेरा ते चौदाव्या वर्षी. त्या वर्षात मुलगा नऊ-दहा सेंटिमीटरनेही वाढू शकतो. कुणाचा हा काळ बाराव्या वर्षीच सुरू होतो, तर कुणाचा सोळाव्या वर्षापर्यंत लांबतो. त्यामुळे नववीच्या एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांच्या शरीराच्या वयात चार वर्षांचेही अंतर असू शकते. एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून लहान दिसतो. संघनिवडीत पहिला हमखास येतो. दुसरा घरी जातो आणि अनेकदा मैदानाकडे पुन्हा फिरकत नाही. तीन-चार वर्षांनी तोच उंच आणि चपळ झालेला असतो, पण तोवर तो खेळात राहिलेला नसतो.

वाढीच्या या वेगाची दुसरी बाजू डोळ्यांना दिसत नाही. आधी हाडे लांब होतात, स्नायूंची ताकद त्यामागून येते. मधल्या महिन्यांत कालपर्यंत सफाईने सूर मारणारा मुलगा अडखळू लागतो. प्रशिक्षक म्हणतात, ‘‘याचे लक्ष नाही.’’ खरे तर त्याच्या मेंदूला नव्या लांबीच्या हातापायांची सवय व्हायची असते. हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पट्टा असतो, हाड तिथूनच वाढते. हा पट्टा आजूबाजूच्या पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. मुलींमध्ये तो साधारण चौदा ते सोळाव्या वर्षी आणि मुलांमध्ये सोळा ते अठराव्या वर्षी, काहींमध्ये त्यानंतरही, पक्का होतो. गुडघ्याखाली हाडाला येणारी दुखरी गाठ किंवा टाचेचे चिवट दुखणे ही या वयातली नेहमीची तक्रार. ‘वाढीचे दुखणे’ म्हणून ती दामटून खेळण्याची नसते. भार कमी करा, असे शरीर सांगत असते.

रग्बीने घेतलेला धडा

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार झाला तो रग्बीत. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, तरी हिंगोलीच्या मैदानांवर हा खेळ दिसत नाही. पण रग्बी आणि कबड्डी यांचे नाते जवळचे आहे. दोन्हींत धावत्या माणसाला अंगाने अडवून खाली पाडायचे असते. न्यूझीलंडमध्ये शाळकरी मुलांसाठी वजनानुसार रग्बीचे गट आहेत. १९ वर्षांखालील सामन्यांत दोन संघ एकमेकांना रेटतात त्या ‘स्क्रम’मध्ये दीड मीटरपेक्षा जास्त ढकलायला बंदी आहे. इंग्लंडमध्ये १७ वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या क्लबकडून खेळायचे असेल तर पालकांची लेखी संमती लागते, जाणकार व्यक्तीने तो तयार असल्याची खात्री करावी लागते. आणि तरीही सर्वाधिक रेटा झेलणाऱ्या पुढच्या रांगेत त्याला सहसा उभे करत नाहीत.

यातून हिंगोलीला घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि तिला फारसा खर्च नाही. इंग्लंडमधल्या शाळांत १४ ते १८ वर्षांच्या रग्बीपटूंवर बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांनी नेहमीचे वॉर्मअप केले. इतरांनी सुमारे वीस मिनिटांचा ठरावीक व्यायाम केला: तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा वाकवत नीट उतरणे, दिशा बदलणे, मांड्या, कंबर आणि मानेची ताकद वाढवणे. ज्या संघांनी हा व्यायाम आठवड्यातून सरासरी तीन वेळा किंवा जास्त केला, त्यांच्यात सामन्यातल्या दुखापती ७२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापती ५९ टक्क्यांनी कमी आढळल्या. ज्यांनी तो अधूनमधून केला, त्यांना एवढा फायदा झाला नाही. या व्यायामाला मॅट किंवा यंत्रे लागत नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पटांगणावरही तो करता येतो.

डोक्याला लागले तर

साखळी पकडीत दोघांची डोकी आपटणे, मांडी धरताना समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसणे कबड्डीत नवे नाही. मुलगा उठतो, डोके झटकतो आणि पुन्हा उभा राहतो. याला हिंमत समजले जाते. जानेवारी २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शालेय रग्बी सामन्यात डोक्याला मार लागूनही खेळत राहिलेल्या १४ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधीच दुसरा बसला, असे पुढे न्यायिक चौकशीत स्पष्ट झाले. त्यानंतर तिथले नियम बदलत गेले. ब्रिटनच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी शंका आली तरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचे आणि किमान २१ दिवस सामना खेळू द्यायचा नाही.

मैदानावर लक्षणे ओळखता येतात. मुलगा तोच प्रश्न पुन्हा विचारतो, गुण किती झाले ते सांगू शकत नाही, त्याचा तोल जातो, त्याला धूसर दिसते. बेशुद्धी हवीच असे नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके किंवा गुंगी दिसली तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे. मानेला मार लागल्याची शंका असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवू नये.

वजनकाट्याचा सापळा

किशोर आणि कुमार गटातल्या वजनाच्या मर्यादेचा हेतू चांगला आहे, पण त्यातून एक वाईट सवय लागते. वजन करण्याच्या आदल्या दिवशी जेवण बंद, पाणी बंद, अंगात जाकीट घालून उन्हात धावणे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाट १०० ग्रॅमने अपात्र ठरली, तेव्हा घाम गाळून वजन उतरवण्याची ही पद्धत देशभर चर्चेत आली. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशाच घाईने वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर दगावले आणि तिथले नियम बदलावे लागले. वाढत्या वयात पाणी तोडून वजन कमी केले तर रक्त दाट होते, शरीराचे तापमान वाढते, हृदय आणि मूत्रपिंडावर ताण येतो. मराठवाड्यातल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात हा धोका अधिकच. मुलाचे वजन सतत मर्यादेच्या वर जात असेल, तर तो वाढतो आहे. त्याला वरच्या गटात न्यायची वेळ झाली आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चढाईत लवकर दम लागणारी मुलगी आळशी नसते, तिचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी तिने जेवणानंतर घ्यावी, त्या वेळी चहा टाळावा. सराव वाढल्यावर पाळी अनियमित झाली किंवा थांबली, तर आहार कमी पडत असल्याची ती खूण असू शकते, डॉक्टरांना दाखवावे. महागड्या पावडरीची गरज सहसा नसते. ज्वारीची भाकरी, डाळ, हरभरा, शेंगदाणे, अंडी, दूध यांतून बरेच काही भागते, फक्त ते पोटभर आणि सरावानंतर वेळेवर मिळाले पाहिजे.

एक वही, एक टेप

अकरावीतला खेळाडू बऱ्याचदा एकाच हंगामात शाळेच्या, कुमार गटाच्या आणि मंडळाच्या संघातून खेळतो. पहाटे भरतीचा सराव वेगळा. प्रत्येक प्रशिक्षकाला आपला एक तासच दिसतो. शिकागो परिसरातल्या सुमारे १,२०० मुलांच्या अभ्यासात असे आढळले की, आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास दर आठवड्याला खेळणाऱ्यांमध्ये अतिश्रमाच्या गंभीर दुखापती अधिक होत्या. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलासाठी आठवड्याला सतरा तास ही सोपी सीमारेषा. ते तास मोजणारे कुणीतरी एकच हवे, क्रीडाशिक्षक किंवा घरातले मोठे माणूस.

त्यासाठी शंभर पानी वही पुरते. दर तीन महिन्यांनी भिंतीला टेकवून उंची, सोबत वजन. तीन महिन्यांत उंची दोन सेंटिमीटर किंवा जास्त वाढली, तर मुलगा वाढीच्या भरात आहे. त्या काळात उड्या आणि जोरदार पकडींचा सराव कमी, तोल आणि तंत्रावर भर. दर आठवड्याला सरावाचे तास, कुठे दुखते, डोक्याला कधी लागले याच्या दोन ओळी.

मोठ्यांच्या संघात जाण्याचा रस्ताही पायरीपायरीने आखता येतो. पहिले काही महिने मंडळासोबत फक्त सराव, आणि त्यात पडायचे कसे, पकडीत डोके बाजूला कसे ठेवायचे हे आधी शिकणे. मग बारा जणांच्या संघात राखीव खेळाडू म्हणून बसणे. नंतर एखाद्या सामन्यात शेवटची पाच मिनिटे, मग अर्धा डाव. दोन सामन्यांमध्ये दिवस मोकळा. दुखापत असेल तर घरी पाठवणे, आणि ते सांगणाऱ्या मुलाला भित्रा न म्हणणे.

यात्रेच्या त्या रात्री मंडळाला हाच मुलगा राखीव बाकावरून पाच मिनिटांसाठी उतरवता आला असता, वर्षभर आधी त्याला सरावाला बोलावले असते तर. तसे नसेल तर सहा खेळाडूंनिशी उतरून सामना हरलेला बरा. यात्रा पुढच्या वर्षी पुन्हा भरणार आहे. तेव्हा तो पोरगा अठरा वर्षांचा असेल, बारावी झालेला असेल, आणि दोन्ही गुडघे धड असतील तर भरतीच्या मैदानावरही धावत असेल.