जुनी गाडी, चालतं घर (भाग ७) : ताकद वाढली, वेग घटला

मागच्या भागात इंजिनाचा निर्णय झाला. आता गिअरबॉक्स. जुन्या व्हॅनचं चालतं घर करायला निघालेल्या मंडळींचा कल असा दिसतो की सगळं लक्ष, आणि बहुतेक पैसा, इंजिनावर खर्च करायचा आणि गिअरबॉक्स ‘बसतो का’ एवढंच बघायचं. या लेखाचं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. इंजिन बदलल्यानंतर गाडी कशी चालेल हे इंजिनापेक्षा गिअरबॉक्स आणि क्राउन-पिनियन (चाकांकडे ताकद वळवणारी शेवटची दातेरी जोडी) ठरवतात. या दोन गोष्टी न बदलता मोठं इंजिन घातलं, तर गाडी पूर्वीपेक्षा हळू चालण्याचीही शक्यता आहे. हे विचित्र वाटेल, पण आकडे तेच सांगतात.

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. पुण्याच्या बजाज टेम्पोची (आताची फोर्स मोटर्स) मॅटाडोर आणि १९८७ पासूनची ट्रॅव्हलर या दोन गाड्यांनी मराठवाड्यात शाळेची मुलं, वऱ्हाडं आणि माहूर-तुळजापूरचे भाविक वाहिले. कॅम्पर करायला आज ज्या जुन्या व्हॅन हाती लागतात, त्यात याच जास्त. या गाड्यांमधलं परिचित डिझेल इंजिन म्हणजे मर्सिडीजच्या ओएम ६१६ आराखड्याचं २.४ लिटरचं. मर्सिडीजच्या मूळ नोंदीप्रमाणे त्याची ताकद मिनिटाला ४,४०० फेऱ्यांना ७२ अश्वशक्ती आणि टॉर्क २,४०० फेऱ्यांना १३७ न्यूटन-मीटर. त्याच घराण्यातून पुढे विकसित झालेलं २.६ लिटरचं टर्बो, कॉमन रेल इंजिन फोर्सने २०२१ च्या गुरखा गाडीमध्ये दिलं. त्याची ताकद ३,२०० फेऱ्यांना सुमारे ९१ अश्वशक्ती आणि टॉर्क १,४०० ते २,४०० फेऱ्यांच्या दरम्यान २५० न्यूटन-मीटर. अश्वशक्ती पाव पटीने वाढली, म्हणून बहुतेक जण ‘थोडंसंच तर मोठं इंजिन’ असं समजतात. पण टॉर्क ८२ टक्क्यांनी वाढला आहे, आणि गिअरबॉक्सला अश्वशक्ती कळत नाही. दातांवर, शाफ्टवर आणि बेअरिंगवर जो भार येतो तो टॉर्कचा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ धरलं, तर जुन्या इंजिनाने गिअरबॉक्सच्या बाहेर ५४८ न्यूटन-मीटर यायचे, नव्याने १,००० येतील.

यावर गॅरेजमध्ये हमखास मिळणारं उत्तर म्हणजे, ‘जुना माल आहे, दणकट आहे, जरा अलगद चालवा, काही होत नाही.’ पहिल्या महिन्यात काही होत नाही हे खरंच आहे. गिअरबॉक्स एका दणक्यात क्वचितच फुटतो, तो थकत जातो. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं, हे यंत्ररचनेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. नांदेडच्या विष्णुपुरीतल्या एसजीजीएस अभियांत्रिकी संस्थेतला मेकॅनिकलचा विद्यार्थी ते परीक्षेत मांडतो. १.८२ चा घन सहाच्या आसपास येतो. म्हणजे पूर्ण टॉर्कवर चालताना त्याच बेअरिंगचं आयुष्य सहावा हिस्सा उरतं. अलगद चालवण्याचा उपायही टर्बो डिझेलला फारसा लागू पडत नाही, कारण त्याचा पूर्ण टॉर्क १,४०० फेऱ्यांनाच हजर असतो, चालक क्लच सोडून नुकता वेग घेऊ लागतो तिथेच. शिवाय कॅम्पर म्हणजे रिकामी व्हॅन नव्हे. पाण्याची टाकी, पलंग, गॅस, बॅटऱ्या, टपावरचं सामान असं मिळून ती कायम भरलेली असते, आणि चढावर मिनिटं-मिनिटं पूर्ण भार खेचत राहते. काही मेकॅनिक मुद्दाम जुनीच क्लच प्लेट ठेवतात, म्हणजे जादा टॉर्क आला की क्लच घसरेल आणि गिअरबॉक्स वाचेल. युक्ती चलाख आहे, पण माहूरच्या चढावर अर्ध्या वाटेत क्लच जळल्याचा वास येऊ लागला की तिची किंमत समजते.

म्हणून पहिली कसोटी टॉर्क झेलण्याची. याला पुरावा म्हणून कारखान्याचीच निवड पुरेशी आहे: २५० न्यूटन-मीटरच्या त्या इंजिनामागे फोर्सने मर्सिडीज आराखड्याचा जी-२८ हा पाच गिअरचा बॉक्स लावला. इंजिनासोबत मूळ जोडीचा गिअरबॉक्स मिळत असेल, तर तो सोडून जुन्यावर ते इंजिन बसवणं ही काटकसर नव्हे.

आता वेगाकडे येऊ. खरी गंमत इथे आहे. नव्या इंजिनाची कमाल ताकद ३,२०० फेऱ्यांनाच येते. जुनं ४,४०० पर्यंत पळायचं. समजा, क्राउन-पिनियनचं गुणोत्तर ५ आहे, शेवटचा गिअर सरळ म्हणजे १ आहे, आणि चाकाचा घेर २.२ मीटर. जुन्या इंजिनाच्या ४,४०० फेऱ्यांना हिशेबाने ताशी ११६ किलोमीटर निघतात. नव्याच्या ३,२०० ला निघतात ८४. विष्णुपुरीहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर ८० चा वेग धरला, तर हे इंजिन तासन् तास ३,००० फेऱ्यांच्या वर, छताला टेकून फिरत राहील. आवाज, कंप, डिझेल, तिन्ही वाढतील. ज्या पट्ट्यात ते इंजिन सर्वात समर्थ आहे, तो १,४०० ते २,४०० चा पट्टा महामार्गावर वापरलाच जाणार नाही. फेऱ्यांच्या या फरकाची भरपाई गुणोत्तरात करावी लागते. ३,२०० भागिले ४,४०० म्हणजे ०.७३. ५ च्या जागी एकूण गुणोत्तर ३.६५ आलं, की ८० च्या वेगाला फेऱ्या २,२०० वर येतात, आणि गाडी नेमकी त्या पट्ट्यात बसते.

‘पण गुणोत्तर उतरवलं तर चढावर गाडी मरेल’ हा आक्षेप रास्त वाटतो, विशेषतः आपल्याकडे. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, लातूर ६३० च्या आसपास. मधला बालाघाटचा प्रदेश चढ-उतारांचा. तरी हिशेब करून पाहावा. शेवटच्या गिअरमध्ये २५० गुणिले ०.७३ म्हणजे १८२. जुन्या १३७ पेक्षा अजूनही ३३ टक्के जास्त. पहिल्या गिअरमध्ये, दहा टक्के घर्षणात गेले असं धरून, जुन्या व्यवस्थेत चाकांपाशी सुमारे ७,००० न्यूटनचा रेटा मिळत होता, नव्या ३.६५ च्या क्राउनने सुमारे ९,४०० मिळतो. अडीच टनांच्या गाडीला तीनास एक चढ चढायला तेवढा पुरतो, आणि तसा चढ आपल्या घाटांत नाही. आक्षेप खरा आहे तो फक्त क्षमता न वाढवता गुणोत्तर उतरवणाऱ्यांसाठी. फोक्सवॅगनने आपल्या कॅम्परप्रिय व्हॅनमध्ये क्षमता वाढवूनच गुणोत्तर उतरवलं: १.६ लिटरच्या गाड्यांना ५.३७५ चं क्राउन होतं, आणि १९७६ पासून २ लिटरचं इंजिन आलं तेव्हा नवा गिअरबॉक्स आणि ४.५७ चं क्राउन आलं. गिअर मात्र चारच राहिले.

हा शेवटचा तपशील महत्त्वाचा, कारण आजकाल सगळ्यांना पाचवा गिअर हवा असतो. पाचवा ०.७३ च्या जवळपासचा असेल आणि क्राउन ५ चंच ठेवलं, तर महामार्गावरचा प्रश्न नक्की सुटतो. पण पहिल्या गिअरमध्ये क्राउनवर १,००० आणि हाफ-शाफ्टकडे एकूण ५,००० न्यूटन-मीटर जातील. पूर्वी जायचे २,७४०. मजबूत गिअरबॉक्स तो भार निमूटपणे पुढे ढकलतो आणि मोडतो तो मागचा ॲक्सल. भार एका ठिकाणाहून दुसरीकडे सरकला, एवढंच झालं. म्हणून माझा कौल असा, की गिअरबॉक्स टॉर्क पाहून निवडावा आणि गुणोत्तराची भरपाई जमेल तितकी क्राउनमध्ये करावी; जुळणारा जोड मिळत नसेल तेवढीच बाकी पाचव्या गिअरवर सोडावी. ०.८५ चा पाचवा आणि ४.३ चं क्राउन असाही ३.६५ होतो. क्राउन बदललं की स्पीडोमीटरही बदलून घ्यावा लागतो. गिअरबॉक्सच्या मागून फिरणारी त्याची केबल ५ चंच गणित धरून बसते, आणि क्राउन ३.६५ चं असेल तर काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ११० ला पोचलेली असते.

हे सगळं ट्रॅव्हलरला सहज लागू पडतं, कारण तिच्यात गिअरबॉक्स पुढे, ॲक्सल मागे, मध्ये प्रोपेलर शाफ्ट. एक भाग बदलला तरी दुसरा शाबूत. मॅटाडोर ज्या जर्मन आराखड्यावरून आली, त्यात ताकद पुढच्या चाकांना जाते आणि गिअर व डिफरन्शिअल एकत्र बांधलेले असतात. तिथे क्राउन वेगळं निवडण्याची मुभा जवळपास नाही. माझ्या मते मॅटाडोरला एवढं मोठं इंजिन घालूच नये, मूळचं २.४ लिटर नीट बांधून घ्यावं. कायदाही त्याच बाजूला झुकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल नोंदणी कार्यालयाच्या परवानगीशिवाय करता येत नाही, गाडी एमएच-२६ ची असो की एमएच-२४ ची. आणि ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेली विंटेज नोंदणी मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते.

ट्रॅव्हलरवाल्यांनी मात्र क्राउनचा आकडा कोणाच्या तोंडी सांगण्यावर घेऊ नये. जुन्या गाडीत मध्ये कोणी काय बसवलं असेल सांगता येत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, बाकीच्या चाकांना ओट लावून मागचं एकच चाक जॅकवर उचलावं, हँडब्रेक सोडावा, टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी. ते चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवेपर्यंत शाफ्ट जितक्या फेऱ्या घेईल, तेच क्राउनचं गुणोत्तर. एक चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे दोन फेऱ्या लागतात. अपूर्णांक अचूक हवा असेल तर चाक वीस फेऱ्या फिरवून शाफ्टच्या फेऱ्यांना दहाने भागावं.