शंखातला भाडेकरू

पहिला दमदार पाऊस झाला, की रायपूरच्या आसपासची तळी आणि धानाची शेते जागी होतात. उन्हाळाभर चिखलात, शंखाचे झाकण घट्ट लावून निजलेल्या गोगलगायी वर येतात. छत्तीसगढीत त्यांना ‘घोंघी’ म्हणतात. खेड्यापाड्यांतून घोंघीची भाजी आवडीने खाल्ली जाते. यांतली लिंबाएवढी मोठी गोगलगाय म्हणजे शास्त्रज्ञांची ‘पिला’. तिला एका बाजूला कल्ला आणि दुसऱ्या बाजूला फुप्फुस! त्यामुळे पाण्यात आणि ओल्या जमिनीवर, दोन्हीकडे तिचे निभते.

पण शंखाच्या या घरात कधी कधी भाडेकरूही असतात. पिलाच्याच कुळातली एक गोगलगाय ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात राहते. तिच्या शरीरातल्या रक्ताच्या पोकळीत वस्ती करणाऱ्या एका चिमुकल्या जिवाचे वर्णन १९८९ साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ओझ्माना. हा कोळंबी आणि खेकड्याचा दूरचा नातलग, म्हणजे कवचधारी प्राणी. तो इतका वेगळा निघाला, की त्याच्यासाठी नवे कूळच मांडावे लागले. पुढे २००४ मध्ये अर्जेंटिनातल्या गोगलगायीतून त्याच्या एका भावंडाचीही ओळख पटली.

या भाडेकरूंचा माणसाशी संबंध नाही. मात्र त्यांच्या गोतावळ्यातला सायक्लॉप्स आपल्या चांगलाच परिचयाचा आहे. जेमतेम मिलिमीटरभर लांबीचा हा जीव तळ्या-विहिरींत मोकळा पोहतो. नारूच्या अळ्या त्याच्या पोटात वाढत. असे पाणी न गाळता प्यायले, की सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा कृमी पायाची कातडी फोडून बाहेर येई. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळे.

महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश ही दोन्ही राज्ये नारूग्रस्त होती. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होते. या रोगावर लस नव्हती, औषधही नव्हते. तरीही तो हटला. पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या, हातपंप आले, पाण्यात औषध पडले आणि घराघरांतल्या बायकांनी घागरीच्या तोंडाला फडके बांधले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

एका साध्या फडक्याचे हे यश विसरण्याजोगे नाही. तळ्याचे पाणी आजही गाळून, उकळूनच प्यावे. घोंघीही नीट शिजवूनच खावी. कच्च्या गोगलगायीतून मेंदूला सूज आणणारे कृमी पोटात जाऊ शकतात. मुलांना मात्र तळ्याकाठी जरूर न्यावे. ओंजळभर पाण्यात आणि एका शंखात केवढा संसार मांडलेला असतो, ते त्यांनाही कळू द्यावे.