पेट्रोलवर सुरू, रॉकेलवर चालू

या इंजिनाला टाक्या दोन. लहानगी पेट्रोलची, तिच्या कितीतरी पट मोठी रॉकेलची. दोन्हींच्या नळ्या एका कॉकवर येऊन मिळतात आणि कॉकचा दांडा जिकडे वळवावा तिकडचं तेल कार्ब्युरेटरात उतरतं. ‘पेट्रोल-स्टार्ट, केरोसीन-रन’ या नावाने विकली गेलेली ही छोटी इंजिनं एके काळी महाराष्ट्रात विहिरीच्या काठापासून दुकानाच्या पायरीपर्यंत सगळीकडे दिसत. श्रीराम आणि होंडा यांच्या भागीदारीची कंपनी १९८५ मध्ये उभी राहिली आणि तिचे पंप, जनरेटर देशभर गेले. ग्रीव्हजचीही इंजिनं शेतात होती. भारनियमनाच्या वर्षांत संध्याकाळी बाजारपेठेत फिरलं की कानाला आवाज आणि नाकाला रॉकेलचा वास हमखास यायचा.

सफाळ्यासारख्या गावी अशा यंत्राचं महत्त्व चटकन कळतं. पश्चिम रेल्वेवर वैतरणा आणि केळवे रोड या स्थानकांच्या मधलं हे ठिकाण. जवळच तांदुळवाडीचा किल्ला, पश्चिमेला एडवण, कोरे, दातिवरे, उसरणी ही किनाऱ्याची गावं आणि दक्षिणेला वैतरणेची खाडी. पावसाचे चार महिने नको तितकं पाणी आणि उरलेले आठ महिने विहीर, तळं, ओढा यांच्यावर भिस्त. भात कापून झालं की त्याच जमिनीत भाजीपाला करायचा, तर पाणी उपसणं आलं. या किनारपट्टीच्या वाड्यांना पूर्वी रहाटाने पाणी मिळे. पुढे ऑइल इंजिनं आली, मग विजेच्या मोटारी. पण विजेचा खांब दूर असेल किंवा पाणी आज या डबक्यातून, उद्या त्या ओढ्यातून घ्यायचं असेल, तर हाताने उचलून नेण्याजोगा पंपच कामाला येतो.

तो चालू करण्याची रीत ठरलेली. कॉक पेट्रोलवर, चोक ओढलेला, मग दोरीला झटका. इंजिन धरलं की चोक सोडायचा आणि चार-पाच मिनिटं त्याला पेट्रोलवरच तापू द्यायचं. अंग चांगलं तापलं की कॉक रॉकेलकडे. घाई केली तर पांढुरका धूर येतो, इंजिन अडखळतं, कधी बंदच पडतं. काम संपल्यावर उलटा प्रकार. बंद करायच्या आधी मिनिट-दोन मिनिटं कॉक पुन्हा पेट्रोलवर न्यायचा, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं रॉकेल जळून जातं आणि वाटी पेट्रोलने भरून राहते. हे विसरलं की दुसऱ्या दिवशी दोरी ओढून खांदा भरून येतो. मग वाटीच्या तळाचा स्क्रू सोडायचा, रॉकेल डब्यात काढायचं, प्लग पुसायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

असं का? कारण द्रव इंधन जळत नाही, जळते ती त्याची वाफ. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही ठिणगीला पुरेल इतकी निघते. रॉकेलची पेट घेण्याजोगी वाफ होण्यासाठी ते निदान ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे तापावं लागतं आणि सगळंच्या सगळं उकळायला साधारण १५० ते ३०० अंश लागतात. थंड सिलिंडरात त्याचे थेंब तसेच राहतात. ठिणगी पडते, पण पेटायला समोर काही नसतं.

उष्णता लागते, आणि ती इंजिनातच हवी तेवढी वाया जात असते. जळलेल्या इंधनातली साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा सायलेन्सरवाटे हवेत जाते आणि भर भारावर त्या वायूचं तापमान पाचशे-सहाशे अंशांच्या घरात असतं. ही काही छोट्या इंजिनाचीच खोड नाही. सफाळ्याच्या उत्तरेला तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. तिथेही निर्माण होणाऱ्या उष्णतेतला निम्म्याहून पुष्कळ जास्त भाग समुद्राच्या पाण्यात सोडावा लागतो. उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राला हा कर भरावाच लागतो.

त्या फुकट जाणाऱ्या उष्णतेने येणारं तेल तापवायचं, ही कल्पना इंजिनाच्या बाल्यावस्थेतली. इंग्लंडमधल्या हल शहरातल्या प्रीस्टमन बंधूंनी १८८० च्या दशकात रॉकेलवर चालणारं इंजिन बाजारात आणलं. त्यात दाबाखालच्या टाकीतून तेलाचा फवारा निघे, तो एका कोठीत जाई आणि त्या कोठीभोवतीच्या पोकळीतून इंजिनाचा जळका वायू फिरवलेला असे. तेलाची वाफ तिथे होई आणि मग ती हवेबरोबर सिलिंडरात जाई. सुरुवातीला मात्र कोठी दिव्याने तापवावी लागे. हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टने १८९० मध्ये निराळी वाट काढली. त्याने सिलिंडरच्या मागेच एक न थंडावणारा फुगा ठेवला. तोही आधी दिव्याने तापवायचा, पुढे आतल्या जळणानेच तो तप्त राही. ग्रँटहॅमच्या हॉर्न्सबी कंपनीने ही इंजिनं केली. हॉर्न्सबी आणि रस्टन १९१८ मध्ये एक झाल्या, आणि त्याच रस्टन-हॉर्न्सबीचा भारतीय कारखाना पुढे ग्रीव्हज कॉटनच्या साथीने पुण्याजवळ चिंचवडला उभा राहिला.

शेतात ही युक्ती रुजवली ती ट्रॅक्टरने. १९१७ च्या फोर्डसन ट्रॅक्टरपासून पुढची चाळीसेक वर्षं रॉकेलसारख्या जड तेलावरचे ट्रॅक्टर भरपूर खपले. १९४९ मध्ये फर्ग्युसननेही आपल्या ट्रॅक्टरचा तसा प्रकार काढला. यांत आत जाणारी आणि बाहेर येणारी नळी बिडाच्या एकाच ओतकामात पाठीला पाठ लावून असे. एका बाजूने तापलेला धूर, दुसऱ्या बाजूने येणारं तेल-हवेचं मिश्रण आणि मधे एक भिंत.

ही सोय फुकट मात्र मिळत नाही. मिश्रण तापलं की विरळ होतं. तेवढ्याच सिलिंडरात हवा कमी मावते आणि ताकद घटते. शिवाय रॉकेल दाबाखाली लवकर ठोके देतं, म्हणून अशा इंजिनात मिश्रण पाच-सहा पटींहून जास्त दाबता येत नाही. डिझेल इंजिनात तोच दाब सोळा-अठरा पटींचा असतो. दाब कमी म्हणजे त्याच तेलातून काम कमी. आणि वाफ न झालेलं रॉकेल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. गेज काढून पाहिलं तर ऑइलची पातळी कमी व्हायची ती चक्क वाढलेली दिसते. हाताला पातळ लागतं, वास रॉकेलचा. अशा वेळी ऑइल बदलायची टाळाटाळ केली की बेअरिंगचा खर्च दारात उभा.

मोठ्या कामांसाठी डिझेलने हा प्रश्न मुळातूनच मिटवला. तिथे हवाच इतकी दाबतात की तिच्या उष्णतेने तेल पेटतं, धुराची मदत लागत नाही. १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि महाराष्ट्रातल्या विहिरींवर डिझेलचं राज्य आलं. हलवायला सोपा, किमतीला कमी असा छोटा पंप एवढंच क्षेत्र रॉकेलला उरलं.

तेही टिकलं ते भावातल्या फरकावर. रेशनचं निळं रॉकेल पेट्रोल-डिझेलच्या मानाने मातीमोल होतं. ते घरातल्या स्टोव्हसाठी होतं, पण पंपात जाई आणि त्याहून वाईट म्हणजे पेट्रोल-डिझेलमध्ये मिसळलं जाई. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनावणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ भेसळखोरांनी जिवंत जाळलं, ते या फरकावरच्या कमाईपायी. रॉकेलसाठी न बनवलेल्या इंजिनात भेसळीचं तेल घातलं तर वर सांगितलेली सगळी दुखणी येतात आणि बिल वाहनमालकाला भरावं लागतं. पुढे २०१६ पासून सरकारने रॉकेलचा भाव थोडाथोडा चढवत नेला, घरोघरी गॅस पोचला आणि २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात अनुदानाला तरतूदच राहिली नाही. आता ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेची पॅनेलं शेतात उभी राहतात. मोठ्या टाकीत घालायला स्वस्त तेलच नाही, तर दोन टाक्यांच्या पंपाला विचारतो कोण?

मूळ कल्पनेचा एक भ्रामक अवतार मात्र अजून जिवंत आहे. सायलेन्सरला तांब्याची नळी गुंडाळा, पेट्रोलची आधीच वाफ करा आणि मायलेज दुप्पट करा, असं सांगणारे महाभाग दर पिढीत निघतात. १९३० च्या दशकात कॅनडातल्या चार्ल्स नेल्सन पोगने अशा कार्ब्युरेटरची पेटंटं घेतली. गॅलनला दोनशे मैलांची बोलवा झाली, पण गाडी कधी बाजारात आली नाही.

साधा हिशेब करून पाहावा. एक किलो रॉकेल जळून सुमारे ४३,००० किलोज्यूल उष्णता देतं. तेच तापवून त्याची वाफ करायला लागतात सहाशे-सातशे, म्हणजे शेकडा दीड. धुरातून जाणाऱ्या उष्णतेचा हा फार तर विसावा भाग. पेट्रोलची वाफ करायला तर याहून कमी पुरते आणि तापलेल्या इंजिनात ते जवळजवळ सगळं जळतंच. जे वाया जातच नाही, ते वाचवणार कुठून? उलट पेट्रोलला नको तिथे उष्णता लागली की काय होतं, ते कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी उन्हाळ्यात घाटात चढवलेल्यांना विचारावं. नळीतच पेट्रोल उकळून गाडी बंद पडायची आणि पंपावर ओलं फडकं टाकून बसावं लागायचं. धुराची ऊब जड तेल चालण्याजोगं करते. मुळात चांगल्या असलेल्या तेलाला तिचा उपयोग नाही, त्रासच आहे.

म्हणूनच महाराष्ट्राने इथेनॉलकडे पाहताना हा जुना पंप आठवावा. उसाचं हे इंधन रॉकेलसारखं जड नाही, ७८ अंशांना उकळतं. पण वाफ व्हायला त्याला किलोमागे पेट्रोलच्या अडीच पटींच्या आसपास उष्णता लागते आणि १३ अंशांच्या खाली त्याची पेटण्याइतकी वाफच होत नाही. ब्राझीलने १९७९ पासून निव्वळ इथेनॉलच्या गाड्या चालवल्या, तेव्हा थंडीत सुरू करण्यासाठी बॉनेटखाली पेट्रोलची छोटी टाकी दिली. म्हणजे दोन टाक्यांचा संसार तिथेही आला. २००९ पासून काही गाड्यांत ती टाकी गेली आणि इंधन विजेने तापवायची सोय आली.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आहे. प्रमाण एवढंच आहे, तोवर सुरू करायला त्यातलं पेट्रोल पुरेसं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये नितीन गडकरी यांनी इथेनॉलवर चालणारी इनोव्हा लोकांसमोर आणली. तशा गाड्या उद्या सर्रास झाल्या, तर सफाळ्याच्या दमट हवेत त्यांना अडचण क्वचितच येईल. निफाडला जानेवारीत पारा एक आकडी होतो. तिथे पहाटे धुराची ऊब कामाची नाही, कारण इंजिन सुरू झाल्याखेरीज धूर नाही आणि वाफ झाल्याखेरीज इंजिन सुरू होत नाही. पहिल्या मिनिटाची उष्णता बाहेरूनच आणावी लागणार. प्रीस्टमनने ती दिव्यातून आणली, पंपाने पेट्रोलच्या टाकीतून आणि यापुढे ती बॅटरीतून येईल.