गव्हाचा भाव आणि पॅरिशचा हिशेब

१८५५ साली इंग्लंडात एक क्वार्टर गव्हाचा सरासरी भाव ७४ शिलिंग ८ पेन्स होता. क्वार्टर म्हणजे आठ बुशेल. आपल्या मापाने सव्वादोन क्विंटलांना थोडं कमी. दक्षिणेकडच्या शेतमजुराला तेव्हा आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मिळत. तेवढ्या गव्हासाठी त्याची जवळजवळ आठ आठवड्यांची मजुरी लागली असती. १८९४ साली भाव २२ शिलिंग १० पेन्सवर उतरला आणि मजुरी तेराच्या आसपास गेली. आता दोन आठवडेही पुरत.

या घसरणीचा चटका बसला तो पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, पाद्र्याला. पूर्वी शेतातल्या पिकाचा दहावा हिस्सा त्याच्या कोठारात जाई. आपल्याकडच्या बलुत्याची आठवण होते खरी, पण बलुतेदार कामाच्या बदल्यात धान्य नेई. इथे चर्चचं तोंड न पाहणाऱ्यालाही हिस्सा चुकत नसे. १८३६च्या कायद्याने हा हिस्सा रोकड झाला आणि गहू, बार्ली, ओट यांच्या मागील सात वर्षांच्या सरासरी भावाला बांधला गेला. मूळ १०० पौंडांचे १८७५ साली ११२ पौंडांहून अधिक झाले, १९०१ साली साडेसहासष्टच उरले. मोठ्या वाड्यासारखं पाद्र्याचं घर तेच, त्याची डागडुजीही तीच. उत्पन्न मात्र तिसऱ्या हिश्शाने आटलं.

भाव पडला तो बाहेरच्या गव्हाने. आयातीवर जबर जकात लावणारे धान्य कायदे १८४६ साली रद्द झाले होते, पण खरा तडाखा पुढे तीस वर्षांनी, अमेरिकेतली आगगाडी गवताळ मैदानांत पोचल्यावर आणि आगबोटींचं भाडं उतरल्यावर बसला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबई बंदरातूनही गहू तिकडे जाऊ लागला.

भाकरी स्वस्त झाली म्हणून मजूर सुखी झाला असं मात्र नाही. शेतीचा अभ्यासक जेम्स केअर्ड याने १८५०-५१ मध्ये गावोगाव फिरून मजुरी नोंदवली: उत्तरेत सरासरी ११ शिलिंग ६ पेन्स, दक्षिणेत ८ शिलिंग ५ पेन्स. उत्तरेत खाणी आणि गिरण्या मजूर ओढून नेत, म्हणून शेतकऱ्याला हात सैल सोडावा लागे. दक्षिणेतल्या मजुराचे वर्षाचे बावीस पौंडही होत नसत.

त्यावर गरिबांच्या पोटगीचा घोळ. पोटगीचा बोजा ज्याच्या त्याच्या पॅरिशवर असल्यामुळे, जिथे एकाच जमीनदाराची मालकी होती तिथे तो मजुरांच्या झोपड्याच पाडून टाकी किंवा नव्या बांधू देत नसे. घर नाही म्हणजे हक्क नाही, हक्क नाही म्हणजे कर नाही. मजूर शेजारच्या दाटीवाटीच्या खेड्यात राही आणि रोज मैलोन्‌मैल पायपीट करून याच मालकाच्या शेतावर येई. आकड्यांत हे पॅरिश मोठं नीटनेटकं दिसे! १८६५ साली हा खर्च अनेक पॅरिशांच्या संघावर टाकला, तेव्हा कुठे झोपडी पाडण्यातला फायदा संपला.

१८७२ च्या फेब्रुवारीत वॉरिकशायरमधल्या वेल्सबर्न इथे चेस्टनटच्या झाडाखाली शेतमजुरांचा पुढारी जोसेफ आर्च बोलला. मागणी होती आठवड्याला १६ शिलिंग. दोन वर्षांत त्याच्या शेतमजूर संघटनेचे ८६ हजार सभासद झाले. पूर्वेकडच्या शेतकऱ्यांनी १८७४ मध्ये संघटनेच्या माणसांना कामावरून बंद केलं आणि तिचं कंबरडं मोडलं. बरेचसे पाद्री तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने होते.

मजुराने मग दुसरा मार्ग धरला, गाव सोडण्याचा. १८५१ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये बारा लाखांहून अधिक शेतमजूर होते, १९०१ पर्यंत ते जवळपास निम्म्यावर आले. गव्हाची शेतं गवताखाली गेली, माणसं शहरात किंवा समुद्रापार. गाव सोडायला अक्षरओळखही कामी आली. १८४० च्या सुमारास लग्नाच्या नोंदवहीत नवऱ्यांपैकी एक तृतीयांश आणि नववधूंपैकी जवळपास निम्म्या जणी सहीऐवजी फुली मारत. १९०० साली असं शंभरात तिघे. सही येणाऱ्याला जाहिरात वाचता येते, तिकीट काढता येतं.

१८९४ मध्ये, गव्हाने तळ गाठला त्याच वर्षी, पॅरिशचा कारभार पाद्र्याच्या अध्यक्षतेखालच्या चर्चमंडळाकडून निवडून दिलेल्या परिषदेकडे देणारा कायदा झाला. बायकांनाही उभं राहता येत होतं. आणि त्यात एक बारीकसं कलम होतं: पॅरिशची सभा संध्याकाळी सहाच्या आत सुरू करायची नाही. शेतावरून परतलेल्या मजुरालाही आता तिथे येता येणार होतं.