बोबड्या बोलांचें मोजमाप

मूल वर्षाचें होतें न होतें तोंच घरांतील मंडळींस त्याच्या बोलण्याची चिंता लागते. ‘शेजारचा दीड वर्षाचा असून वाक्यें बोलतो, आणि आमचा अद्याप मुकाच,’ असा धसका आई घेते. तर ‘ह्याचा बापहि उशिराच बोलला हो,’ म्हणून आजीबाई तिची समजूत घालतात. दोघींपैकीं बरोबर कोण, हें शेजारच्या एका मुलावरून ठरत नाहीं. त्यास ती भाषा बोलणाऱ्या पुष्कळ मुलांवरून काढलेलें माप हवें. मध्य युरोपांतील झेक लोकांनीं असें माप आपल्या भाषेपुरतें कसें सिद्ध केलें, तें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

ह्या विषयाची आस्था त्या देशास जुनीच आहे. पहिल्या सहा वर्षांत आईची मांडी हीच मुलाची शाळा, असें प्रतिपादणारा ग्रंथ थोर झेक शिक्षणशास्त्री कोमेन्स्की (१५९२–१६७०) ह्यांनीं लिहिला. तो जर्मन भाषेंत १६३३ सालींच छापला गेला.

मोजण्याची आधुनिक रीत मात्र अमेरिकेंतून आली. लॅरी फेन्सन, एलिझाबेथ बेट्स आदि संशोधकांनीं १९९३ सालीं आईबापांनीं भरावयाचीं पत्रकें प्रसिद्ध केलीं. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीं असलेल्या पत्रकांत ६८० शब्द दिले होते. मूल जो शब्द स्वतः बोलतें, त्यापुढें खूण करावयाची. ‘तुमचें मूल कोणते शब्द बोलतें?’ असें नुसतें विचारलें तर आईस दहापांचच आठवतात. यादी पुढें ठेवली कीं शब्दामागून शब्द ओळखूं येतात. परक्या परीक्षकासमोर मूल तोंड मिटून बसतें. घरांत तें काय बोलतें ह्याची साक्ष घरच्यांनींच द्यावी.

ह्या पत्रकाचा झेक अवतार म्हणजे ‘दोविको’. प्राग येथील फिलिप स्मोलीक ह्या मानसशास्त्रज्ञांनीं सहकाऱ्यांसह तो तयार केला. इंग्रजी यादीच्या नुसत्या भाषांतरानें काम भागण्यासारखें नव्हतें. एक तर मुलांचें जग निराळें. झेक मुलाच्या हातीं ‘रोह्लीक’ नांवाचा लांबट पाव असतो, आणि आपल्याकडील भूभू तेथें ‘हाफ्-हाफ्’ करतो. दुसरें, व्याकरण निराळें. झेक भाषेंत सात विभक्ति व तीन लिंगें आहेत. मांजरीस ‘कोच्का’ म्हणतात. पण ‘मी मांजर पाहतों’ म्हणावयाचें तर त्याच शब्दाचें ‘कोच्कु’ होतें. एकाच अंत्य स्वरांत विभक्ति, वचन आणि लिंग एकवटलेलीं असतात. म्हणून अशा भाषेंत शब्दसंख्येबरोबरच मूल शब्दांचे शेवट बदलूं लागलें आहे काय, हेंहि पाहावें लागतें. उच्चार मात्र बोबडा असला तरी शब्द जमेस धरतात. ‘र’ आणि ‘झ’ एकदम काढावा तसा एक झेक वर्ण तर कित्येक मुलांस शाळेचें वय होईपर्यंत साधत नाहीं.

आतां त्या आई-आजींच्या वादाकडे वळूं. मुलामुलांतील अंतर स्वभावतःच मोठें असतें. अमेरिकन पाहणींत दोन वर्षांच्या मुलांपैकीं मागल्या दहांशांचे शब्द शंभराच्या आंत, तर पुढल्या दहांशांचे पांचशेंच्या वर भरले. दोन वर्षें पुरीं होऊनहि पन्नास शब्द येत नसले, किंवा मूल दोन शब्द जोडून बोलत नसलें, तर त्यास सामान्यतः उशिरा बोलणारें समजतात. ह्यांपैकीं पुष्कळ मुलें पुढें इतरांची बरोबरी करतात. तेवढ्यापुरतें आजीबाईंचें म्हणणें खरें. पण कांहीं मागेंच राहतात, आणि कांहींच्या न बोलण्याच्या मुळाशीं बहिरेपण असतें. तें ओळखण्यास जितका विलंब, तितकें मुलाचें नुकसान. पत्रक म्हणजे निदान नव्हे. कोणाची तपासणी लांबणीवर टाकूं नये, एवढेंच तें सुचवितें. आजीबाईंनीं धीर अवश्य द्यावा. परंतु त्या धीराच्या भरंवशावर मुलाचे कान तपासून घेण्याचें मात्र कोणीं टाळूं नये.