वाचणारा दिसत होता तोवर

15 जानेवारी 2026 ला विकिपीडियाला पंचवीस वर्षं झाली आणि ‘ज्ञानाचं लोकशाहीकरण’ हे शब्द सगळ्यांनी पुन्हा एकदा वापरून घेतले. माझं लक्ष मात्र तीन महिने आधीच्या एका आकड्यात अडकलं होतं. ऑक्टोबर 2025 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं जाहीर केलं की, माणसांनी पानं उघडून वाचण्याचं प्रमाण आदल्या वर्षीपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी घटलं आहे. कारण कुणालाही कळेल असं आहे. शोधखिडकीत प्रश्न टाकला की उत्तर वरच्या वर तयार मिळतं. ते ज्या पानांवर पोसलेलं असतं, त्या पानांपर्यंत उतरायची गरजच राहत नाही.

आठ टक्क्यांनी काय आभाळ कोसळतं, असं म्हणणारे भेटले. ज्यांनी तिथे वर्षानुवर्षं फुकट लिहिलं, त्यांचा मात्र हा पगार कापला गेला आहे. पगारच म्हणतो मी त्याला, आणि तो कसला ते या कापाकापीनंतरच नीट कळतं आहे.

सुरुवातीची वर्षं भराभर उरकतो, कारण त्यांत मला फारसा रस नाही. 1990 मध्ये सिनेमावेड्या मंडळींनी नटनट्यांच्या याद्या एकत्र करायला घेतल्या, त्यातून आयएमडीबी उभी राहिली आणि 1998 मध्ये अ‍ॅमेझॉननं ती विकत घेतली. 2000 मध्ये न्यूपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोश निघाला. तिथे लिहिणारे तज्ज्ञ आणि प्रत्येक लेखाला तपासणीच्या सात पायऱ्या. त्यामुळे लेख दोन-अडीच डझनांच्या पुढे गेलेच नाहीत. त्याच घरातून पुढच्या वर्षी विकिपीडिया निघाला. जून 2006 मध्ये जेफ हाउ यांनी ‘वायर्ड’ मासिकात ‘क्राउडसोर्सिंग’ हा शब्द रूढ केला आणि मॅनेजमेंटवाल्यांनी उच्छाद मांडला. लोक फुकट का राबतात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. समजलं की राबवून घेता आलं असतं. रीकॅप्चा काढणाऱ्यांनी तर तो प्रश्नच उडवून लावला. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी वाकडी अक्षरं ओळखायची. त्यातला एक शब्द यंत्राला न वाचता आलेल्या जुन्या छापील मजकुरातला असायचा. कोट्यवधी लोकांनी असं मुद्रितवाचन केलं आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

मी रेंगाळणार आहे तो काळ साधारण 2006 ते 2016 चा, आणि जागा मराठी विकिपीडिया. तो सुरू झाला 1 मे 2003 ला, पण आमच्यासारखे लोक तिथे पोचायला वेळ लागला. मराठी टंकणं हीच तेव्हा मोहीम असायची. विंडोज एक्सपीची सीडी शोधायची, भारतीय लिप्यांची सोय चालू करायची, तरी पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसायची आणि जोडाक्षरं फुटायची. हे सगळं पार करून आत आलेला माणूस सहजासहजी परत जात नसे.

आत एक गाव होतं. चर्चा करायची ती चावडीवर, सराव करायचा धूळपाटीवर, एकसुरी कामं करणारा संगणकी प्रोग्राम म्हणजे सांगकाम्या, आणि पानं वगळण्याचे-कुलूपबंद करण्याचे अधिकार प्रचालकांकडे. एक गृहस्थ फक्त रेल्वे स्थानकं लिहायचे. दुसऱ्यांना जगातले फुटबॉलपटू सोडून कशातच गम्य नव्हतं. तिसरे नवा शब्द म्हणून लिहीत नसत. रात्री बसायचे आणि दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढायचे. त्यांना सगळे वचकून असत, आणि पंधरवडाभर ते दिसले नाहीत की चावडीवर चौकशीही होई.

या गावाचा चौक म्हणजे ‘अलीकडील बदल’ हे पान. एका ओळीत वेळ, लेखाचं नाव, किती मजकूर वाढला त्याचा हिरवा आकडा, घटला तर लाल, आणि करणाऱ्याचं नाव. सज्जनगडाच्या लेखात तुम्ही एक परिच्छेद घातलात की ओळ वर यायची. चहा घेऊन परत यावं तर तिच्यावर दुसरी ओळ: कॅलिफोर्नियात बसलेल्या कुणा मराठी माणसानं तुमचं वाक्य सरळ केलेलं, किंवा ‘संदर्भ हवा’ अशी पाटी डकवलेली. राग यायचा. मग संदर्भ शोधायला जुनं गॅझेटियर काढलं जायचं आणि जेवण राहायचं. लिहिलेलं कुणीतरी लगेच वाचतं, इतकं बारकाईनं वाचतं की भांडायला येतं, हे सुख मासिकांत लिहून मला कधी मिळालं नाही. फ्रान्समधल्या शहरांची नावं उच्चाराप्रमाणे लिहायची की रूढ आहेत तशी, यावर चर्चा पानांवर झालेलं युद्ध मी अजून विसरलेलो नाही. माझा पक्ष हरला. हरायला नको होता.

वर्तमानपत्रवाले विचारायला आले की आम्ही ‘मातृभाषेची सेवा’ म्हणून सांगायचो. ते छापायला बरं असे. ओडेड नोव्ह या अभ्यासकानं 2007 मध्ये इंग्रजी विकिपीडियावरच्या 151 लोकांना विचारून जे काढलं, ते आमच्या या उत्तराची परीक्षा घेणारं आहे. तिथे सर्वांत वरचं कारण निघालं मौज. तत्त्वनिष्ठा, म्हणजे ज्ञान सर्वांना खुलं असावं वगैरे, तिच्या पाठोपाठ होती. पण जो जास्त तत्त्वनिष्ठ तो जास्त तास काम करतो, असं काही आढळलं नाही. मौजेचं आणि तासांचं मात्र जुळत होतं. मराठीच्या सेवेची भाषणं ठोकणारे चावडीवर फार दिसत नसत, आणि स्थानकं लिहिणारे गृहस्थ सेवेबद्दल चकार शब्द काढत नसत, तेही याच हिशेबात बसतं.

मौज म्हणजे तरी काय? याचं सगळ्यांत चोख उत्तर चीननं दिलं, तेही नकळत. ऑक्टोबर 2005 मध्ये तिथल्या सरकारनं चिनी विकिपीडिया मुख्य भूमीवर बंद पाडला. तैवान, हाँगकाँग, सिंगापूर इथल्या लेखकांना काही अडचण नव्हती, त्यांची पानं पूर्वीसारखीच उघडत होती. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबानं हात कमी झाले म्हणून उरलेल्यांनी जास्त काम करायला हवं होतं. झांग आणि झू या दोघा संशोधकांनी 2011 मध्ये दाखवून दिलं की या बाहेरच्या लोकांचं लिहिणं सरासरी 42.8 टक्क्यांनी घटलं. मुख्य भूमीवरचा वाचक गेला आणि यांच्या हातातली उमेद गेली. माझ्या मते या विषयावर याहून मोलाचं दुसरं काही लिहिलं गेलेलं नाही.

हा वाचक प्रत्येक वेळी हजारोंच्या संख्येनं लागतो असंही नाही. एक पुरतो. 2012 मध्ये दोन समाजशास्त्रज्ञांनी विकिपीडियाच्या सर्वाधिक काम करणाऱ्या एक टक्का लोकांतून काही जण चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडले आणि त्यांच्या चर्चा पानावर बार्नस्टार लावला. म्हणजे ताऱ्याचं एक चित्र आणि आभाराची एखादी ओळ. त्यांचं काम, ज्यांना तारा मिळाला नाही त्यांच्या तुलनेत, 60 टक्क्यांनी वाढलं. गॅलेक्सी झू हा उपक्रम 2007 मध्ये सुरू झाला तेव्हा आकाशगंगांचे फोटो बघून त्यांचे आकार सांगायला दीड लाखाच्या आसपास माणसं वर्षभरात जमली. त्यांतल्या हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेनं एका फोटोतल्या विचित्र डागाबद्दल विचारलं. खगोलशास्त्रज्ञांनी तो प्रश्न मनावर घेतला आणि तो डाग आज तिच्या नावानं ओळखला जातो.

आता जुने हिशेब. 2011 मध्ये पुण्यातल्या काही कॉलेजांत विद्यार्थ्यांकडून इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहून घेण्याचा एक प्रयोग झाला. लेखांना गुण होते. मुलांनी गुणांसाठी जे करायचं ते केलं: पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून उताऱ्यांचे उतारे उचलले. प्रताधिकाराचा भंग निस्तरता निस्तरता तिकडचे स्वयंसेवक मेटाकुटीला आले आणि नोव्हेंबरात तो प्रयोग गुंडाळला गेला. नेमका त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठात भारतातल्या पहिल्या विकिसंमेलनाचा सोहळा झाला, विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स येऊन बोलून गेले. मुलांना दोष द्यायला मी तयार नाही. गुण देऊन गुणांपुरतंच काम होतं हे ठाऊक असायला हवं होतं ते त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्यांना.

त्यातून आपण काही शिकलो म्हणाल, तर पुढे कार्यशाळांचं पेवच फुटलं. अशाच एका कार्यशाळेला मी गेलो होतो. आयोजकांचं नाव घेत नाही. मराठी ज्ञानभाषा कशी होईल यावर अध्यक्ष जेवणाच्या वेळेपर्यंत बोलले. दुपारी मुलांनी खाती काढायला घेतली. सहा निघाली आणि सातव्याला यंत्रानं नकार दिला, कारण एका जोडणीवरून दिवसात सहाच नवी खाती निघतात. त्यासाठी आधी सांगून सवलत घ्यावी लागते. ती कुणी घेतली नव्हती. उरलेल्या मुलांनी तासभर मोबाइल चाळले आणि शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली, ज्यांनी एक अक्षर लिहिलं नाही त्यांनाही.

दुसरा हिशेब लेखसंख्येचा. हिंदी पुढे गेली, तमिळ पुढे गेली, आपण मागे, असा धोशा सुरू झाला आणि गावांचे लेख घाऊक निघू लागले. गावाचं नाव बदलायचं, बाकी तेच: पावसाळ्यात भरपूर पाऊस, हिवाळ्यात थंडी. दुष्काळी माण-खटावचा माणूस ते वाचून काय म्हणेल? तो दुरुस्त करायला येईल, अशी आशा होती. गावाबद्दल स्वतःला ठाऊक असलेलं काही लिहायला आलेला नवखा उलट ‘संदर्भ नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवला जाई. काही प्रचालकांना वगळण्याचं बटण दाबताना जी तत्परता येई, ती उत्तर देताना येत नसे. ऱ्हस्वदीर्घवाले याच सुमारास कंटाळून गेले.

याच दशकात गूगलच्या ‘मॅप मेकर’वर लोकांनी आपापल्या गावातल्या बोळांची नावं हौसेनं भरली, 31 मार्च 2017 ला तो बंद झाला. आता नकाशासाठी हातभार लावला की गुण मिळतात आणि आपली पातळी वाढते. कुणाशी भांडता मात्र येत नाही.

आजचं आवाहन आवाजाचं आहे. कॉमन व्हॉइस किंवा भाषिणीच्या उपक्रमात पडद्यावरचं मराठी वाक्य वाचायचं आणि आवाज दान करायचा. काम गरजेचं आहे, मीही केलं आहे. पण वाक्य संपलं की पुढचं वाक्य येतं. ‘ळ’ चुकला म्हणून कॅलिफोर्नियातून कुणी टोचत नाही. विकिमीडियानं 2021 मध्ये मोठ्या कंपन्यांना मजकूर पुरवण्याची सशुल्क सेवा काढली, त्यामुळे यंत्रांकडून पैसे येतील आणि यावेत. पैशाची तक्रार आमच्यापैकी कुणी कधी केलीच नव्हती.

परवा एका कार्यशाळेचं निमंत्रण आलं, ‘एआयच्या युगात मराठी ज्ञाननिर्मिती’. उद्घाटन आहे, जेवण आहे, प्रमाणपत्र आहे. खात्यांची सवलत आधी मागितली आहे का, हे मी उलट टपाली विचारलं. उत्तर आलं की अध्यक्ष ठरले आहेत.