गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल : आधीच कळणारा खर्च

जानेवारीतला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. म्हणून मी आमची छोटी पेट्रोल गाडी इंदूरमधल्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला टाकली. गाडी तीन वर्षांची, तीस हजार किलोमीटर झालेली. फोनवर विचारले तेव्हा "चार-साडेचार हजार होतील, मॅडम" असे उत्तर मिळाले होते. सकाळी सर्व्हिस ॲडव्हायझरने टॅबवर भराभर काही खुणा केल्या, मी बोटाने सही केली आणि घरी आले. संध्याकाळी हातात पडलेले बिल होते १०,२६६ रुपयांचे.

मी जाब विचारला, तेव्हा त्याने शांतपणे माझीच सही असलेले जॉब कार्ड पुढे केले. बिलातले प्रत्येक काम त्यावर होते. दिवसभर खातेदारांना "सही करण्याआधी वाचा" असे सांगणारी मी, तिथे मात्र न वाचता सही करून आले होते.

त्या रात्री बिल आणि गाडीसोबत मिळालेली पुस्तिका शेजारी ठेवून बसले आणि एक गोष्ट लक्षात आली. नेहमीच्या सर्व्हिसिंगचा खर्च हा अचानक येणारा खर्च नाहीच. कोणते काम केव्हा करायचे हे गाडी घेतली त्या दिवशीच छापून मिळालेले असते. म्हणजे विम्याचा हप्ता किंवा मुलांची फी यांच्यासारखाच हा आधी माहीत असलेला खर्च आहे आणि त्याची तरतूदही तशीच करता येते.

बिलात काय काय होते

कर धरण्याआधीच्या रकमा अशा होत्या:

• इंजिन ऑइल : १,३५० रुपये
• ऑइल फिल्टर व वॉशर : १२५ रुपये
• ठरावीक सर्व्हिसिंगची मजुरी : १,८०० रुपये
• व्हील अलाइनमेंट व बॅलन्सिंग : ९०० रुपये
• इंजिन डीकार्बनायझिंग : १,५०० रुपये
• थ्रॉटल बॉडीची सफाई : ६०० रुपये
• एसीसाठी जंतुनाशक फवारा : ७५० रुपये
• आतली सफाई व बाहेरून पॉलिश : १,४०० रुपये
• किरकोळ साहित्य : २७५ रुपये

एकूण ८,७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,५६६ रुपये. (२२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. मजुरीवर १८ टक्के आहेच.)

आता पुस्तिकेतला तक्ता पाहा. तीस हजार किलोमीटरला माझ्या गाडीचे ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचा होता. बाकीचे भाग फक्त तपासायचे होते. म्हणजे पहिल्या तीन ओळी पुरेशा होत्या. त्यांची बेरीज ३,२७५ रुपये आणि करासह सुमारे ३,८६५ रुपये. टायर एका बाजूने जास्त झिजत होते, म्हणून अलाइनमेंटही योग्यच होते. ते धरून ४,९२६ रुपये झाले. उरलेले ५,३४० रुपये मी केवळ न वाचता सही केली म्हणून भरले.

पुस्तिकेतला तक्ता कसा वाचायचा

गाडीच्या मालकासाठी दिलेल्या पुस्तिकेत शेवटी-शेवटी देखभालीचा तक्ता असतो. एका बाजूला भागांची नावे, वर किलोमीटर आणि महिने, आणि चौकटींमध्ये अक्षरे. बहुतेक पुस्तिकांत 'आर' म्हणजे बदला आणि 'आय' म्हणजे तपासा, गरज असेल तरच साफ करा किंवा बदला. ही दोन अक्षरे समजली की निम्मे काम झाले. 'आय' असलेल्या भागापुढे बिलात नव्या भागाची किंमत दिसली, तर "हा का बदलला?" असे विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

या तक्त्यात आणखी एक अट असते : 'किलोमीटर किंवा महिने, यांपैकी जे आधी होईल ते'. अनेक छोट्या गाड्यांना दर दहा हजार किलोमीटरला किंवा बारा महिन्यांनी सर्व्हिसिंग सांगितलेले असते. निवृत्त माणसाची गाडी वर्षभरात चार हजारच किलोमीटर चालली, तरी वर्ष झाले की ऑइल बदलायचेच. गाडी धुळीच्या रस्त्यावर किंवा रोज अगदी थोडे अंतर चालत असेल, तर काही कामे लवकर करावी लागतात. त्याचाही वेगळा तक्ता पुस्तिकेत सापडेल.

प्रत्येक वर्षाचे बिल सारखे नसते हेही या तक्त्यावरून कळते. एखाद्या वर्षी ऑइल आणि फिल्टर एवढेच, तर एखाद्या वर्षी त्यात एअर फिल्टर, स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल यांची भर पडते. हे मोठे वर्ष कोणते, ते आजच तक्त्यात पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा.

'फ्री सर्व्हिस' म्हणजे काय फुकट?

नव्या गाडीबरोबर साधारण पहिल्या तीन सर्व्हिस 'फ्री' मिळतात. अनेक खातेदारांना वाटते की त्या दिवशी खिशात हात घालावा लागणार नाही. फुकट असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर आणि इतर साहित्याचे पैसे द्यावेच लागतात. आणि तक्त्याबाहेरची कामे सुचवण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते. मजुरी लागलेली नसल्यामुळे बिल लहान वाटते आणि आपण सहज 'हो' म्हणतो.

जास्तीची कामे का सुचवली जातात?

यात ॲडव्हायझरला खलनायक ठरवण्याचे कारण नाही. डीलरला वर्कशॉपमधून उत्पन्न हवे असते आणि तिथल्या माणसांना त्याचे टार्गेट असते. बँकेत आम्हालाही विमा विकण्याचे टार्गेट असते, त्यामुळे त्याची बाजू मला कळते. तुम्ही आमच्या काउंटरवर जसे "मला याची गरज आहे का?" असे विचारायला हवे, तसेच तिथेही विचारायला हवे.

ही कामे नेहमीच निरुपयोगी असतात असे नाही. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट हवे. गाडी थांबलेली असताना इंजिन एकसारखे चालत नसेल, तर थ्रॉटल बॉडी साफ करून फरक पडू शकतो. पण तक्रार काहीच नसताना, केवळ यादीत आहे म्हणून ते काम करून घेणे म्हणजे ताप नसताना औषध घेणे. आतली सफाई तर सुट्टीच्या दिवशी घरीही होते.

सही करण्याआधी पाच मिनिटे

बिल संध्याकाळी मिळत असले तरी ते ठरते सकाळी. म्हणून गाडी देताना एवढे करा:

१. जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर खर्चाचा अंदाज पाहा. मारुती सुझुकी, ह्युंदाई अशा कंपन्या मॉडेल आणि किलोमीटरनुसार तो देतात.

२. जॉब कार्डवरची प्रत्येक ओळ वाचा. तक्त्यात नसलेल्या कामाचे कारण विचारा. पटले नाही तर ती ओळ काढायला सांगा आणि मगच सही करा.

३. अंदाजे खर्च करासह लेखी घ्या. "माझ्या होकाराशिवाय यापेक्षा जास्त काम करू नये" असे जॉब कार्डवर नोंदवून घ्या. दिवसभरात फोन आला तर लगेच 'हो' म्हणू नका; भागाचा फोटो मागवा.

४. बदललेले जुने भाग दाखवायला सांगा.

५. बिलातले ऑइल किती लिटर आहे ते पुस्तिकेशी ताडून पाहा. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल लागते. बिलात चार लिटर दिसले तर विचारा. सुट्या भागांच्या वेष्टनावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणी करता येत नाही.

सर्व्हिसिंग टाळणे ही बचत नव्हे

हे वाचून कोणी "मग सर्व्हिसिंगच नको" असे ठरवू नये. चार हजार वाचवण्यासाठी जुन्याच ऑइलवर गाडी चालवली, तर इंजिन झिजते आणि त्याच्या दुरुस्तीचा आकडा लाखाच्या घरात जाऊ शकतो. अशा झिजेचे पैसे मोटार विमा देत नाही. विमा अपघात, चोरी अशा घटनांसाठी असतो. आणि वेळेवर सर्व्हिसिंग केल्याची नोंद नसेल, तर वॉरंटीचा दावाही अडकतो.

कंपनीचे सर्व्हिस सेंटर की बाहेरचे गॅरेज?

वॉरंटी चालू असेपर्यंत अधिकृत सर्व्हिस सेंटर हा बिनघोर मार्ग आहे. वॉरंटी संपल्यावर ओळखीच्या चांगल्या गॅरेजमध्ये मजुरी बहुधा बरीच कमी पडते. मात्र पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचे ऑइल वापरा, अस्सल भाग घ्या आणि पक्के बिल मागा. गाडी विकताना ही बिले उपयोगी पडतात.

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांवर एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याचा ठपका त्यांच्यावर होता. केवळ बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द होईल अशी अट घालू नये, असेही आयोगाने सांगितले. दंडाविरुद्ध पुढे अपिले झाली. तरीही बाहेर काम करण्याआधी आपल्या वॉरंटीच्या अटी वाचून घ्या, कारण चुकीच्या दुरुस्तीने झालेल्या नुकसानीची जबाबदारी कंपनी नाकारू शकते.

काही डीलर दोन-तीन वर्षांच्या सर्व्हिसिंगचे पॅकेज आगाऊ पैसे घेऊन देतात. ते घेण्याआधी तीन प्रश्न विचारा : यात नेमके काय धरले आहे? बदली झाली तर दुसऱ्या शहरात चालेल का? गाडी विकली तर पैसे परत मिळतील का?

दरमहा किती बाजूला ठेवावे?

आता आपल्या खऱ्या विषयाकडे येऊ. छोट्या पेट्रोल गाडीचा वर्षाचा हिशेब मी असा मांडला. तुमच्या गाडीप्रमाणे आकडे बदला.

• वार्षिक सर्व्हिसिंग : ५,००० रुपये
• मोठ्या वर्षातल्या जास्तीच्या भागांसाठी : १,५०० रुपये
• टायर (चार टायरचे १६,००० रुपये, पाच वर्षांत विभागून) : ३,२०० रुपये
• बॅटरी (५,००० रुपये, चार वर्षांत विभागून) : १,२५० रुपये

एकूण १०,९५० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ९१३ रुपये. दरमहा १,००० रुपयांची बारा महिन्यांची आवर्ती ठेव सुरू केली की काम झाले. ६ टक्के व्याजदर धरला, तर वर्षाअखेरीस १२,००० रुपये मुद्दल आणि चारशे रुपयांच्या आसपास व्याज मिळते. ठेव पुरी होण्याची तारीख सर्व्हिसिंगच्या आधीची ठेवा. सर्व्हिसिंग होऊन उरलेली रक्कम खर्च करू नका. ती टायर आणि बॅटरीची आहे, मुदत ठेवीत टाका.

तरतूद नसली की काय होते ते मी काउंटरवर पाहते. कोणी मुदत ठेव वेळेआधी मोडतो. त्यात व्याज कमी मिळते आणि बहुतेक बँका वर दंडही कापतात. कोणी क्रेडिट कार्डावर बिल भरतो आणि पुढच्या महिन्यात फक्त किमान रक्कम भरतो; उरलेल्या रकमेवर अनेक कार्डांचे व्याज महिन्याला तीन टक्क्यांहून जास्त असते. दहा हजारांचे बिल मग दहा हजारांचे राहत नाही.

बिलाबद्दल तक्रार असेल तर

आधी सर्व्हिस मॅनेजरला आणि कंपनीच्या ग्राहक कक्षाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिथे बोलता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही. पण प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येईल : जॉब कार्डवर काय लिहिले होते?

माझे जॉब कार्ड मी जपून ठेवले आहे. त्याच सोमवारी शाखेत गेल्यावर सहकाऱ्याकडून स्वतःच्या नावाने हजार रुपयांची आवर्ती ठेव उघडून घेतली. पुढच्या जानेवारीत ती पुरी होईल, आणि त्याच आठवड्यात गाडी सर्व्हिसिंगला जाईल. या वेळी पुस्तिका सोबत असेल.